चाकाला कान लावणारे डॉक्टर

आमच्या घरमालकांच्या घरातलं एकही दार गुपचूप उघडत नसे. फाटक किंचाळायचं, दवाखान्याचं दार कण्हायचं, आणि स्वयंपाकघराचं दार असं कुरकुरायचं की वरच्या मजल्यावर मला कळायचं, काकू आता चहा टाकणार. गंमत अशी की याच घरात वंगण या विषयावर कुठल्याही वेळी, कुणाशीही, कितीही बोलू शकेल असा माणूस राहत होता. फक्त त्यांचं सगळं वंगण वीतभर लांबीच्या एका लाकडी गाडीच्या चार चाकांसाठी राखून ठेवलेलं होतं.

ते दातांचे डॉक्टर. रामदासपेठेतल्या त्या घरात खाली पुढच्या बाजूला दवाखाना, मागे ते आणि काकू, आणि वर भाडेकरू. मी नाशिकहून बदली होऊन आलो तेव्हा खोली बघायला म्हणून घंटी वाजवली. दार कण्हत उघडलं. डॉक्टरांनी माझं नाव विचारलं नाही, नोकरी विचारली नाही. हातातली छोटी गाडी उलटी धरून तिचं एक चाक टिचकीनं फिरवलं आणि ती थेट माझ्या कानाशी आणली.

"काय ऐकू येते?"

मी घाबरून म्हणालो, "सॉरी, काहीच नाही."

"सॉरी काहून? काहीच ऐकू येऊ नये, याच्यासाठीच तर मी मरून राहिलो!"

आतून काकूंचा आवाज आला, "आधी त्यायले पाण्याचं सांगा, पंख्याचं सांगा. चाक मंग दाखवा."

खोली मला मिळाली. मला अजून वाटतं, ती त्या एका उत्तरामुळे मिळाली, आणि ते उत्तरही मी भीतीपोटी दिलेलं होतं. म्हणजे खरं तर ती खोली मी फसवून मिळवली. हे मी पुढे एकदा डॉक्टरांना सांगूनही टाकलं. मी तसाच माणूस आहे. दूधवाला उशिरा आला तरी मला वाटतं, आपलंच काही चुकलं असणार. दर रविवारी नाशिकला आईला फोन करून मी आधी माफी मागतो आणि मग तब्येत विचारतो. डॉक्टरांनी माझा कबुलीजबाब शांतपणे ऐकला आणि म्हणाले, "भाऊ, तुमचं म्हणजे बिना गुन्ह्याच्या कैद्यासारखं आहे. कोणी पकडलं नाही अन् तुमी सुटून नाही राहिले."

गाड्यांचं वेड त्यांना लागलं ते बहिणीकडे परदेशात गेले तेव्हा. तिथं त्यांनी मुलांची एक शर्यत पाहिली. लाकडाच्या छोट्या गाड्या, ना मोटर ना चावी; उतारावरून सोडायच्या आणि पाहत राहायचं. परत आल्यावर त्यांनी कॉलनीच्या मंडळाला गाठलं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. लहान मुलं लाकडी नंदी सजवून आणतात, घरोघर फिरवून बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, गोळा करतात. डॉक्टरांचं म्हणणं असं की मुलांना नंदी आहेत, मग मोठी माणसं त्या दिवशी नुसते वडे खात काहून बसतात? तेव्हापासून मुलांच्या नंदींची स्पर्धा आटोपली की समाजभवनात मोठ्यांच्या गाड्यांची शर्यत होऊ लागली. प्लायवुडचा उतार, उताराच्या पायथ्याशी लांब सपाट पट्टी, दोन गाड्यांसाठी दोन वाटा. जी आधी पोहोचेल ती पुढच्या फेरीत. बक्षीस म्हणून पितळेचा नंदी.

उतार सगळ्यांना सारखाच, वजनाची मर्यादाही सारखीच. त्यामुळे सगळा खेळ चाकात आणि आसात. आस म्हणजे साधा खिळा. डॉक्टर हिंगण्याच्या कारखान्यांतून यंत्रांच्या खोक्यांचं हलकं लाकूड आणवत, महाल भागातल्या, लाकूड कातणाऱ्या ज्या खरादीकडे नंदीची चाकं होतात त्याच्याकडून चाकं करून घेत. खिळ्याच्या डोक्याखाली बारीक कंगोरा असतो. तो कानशीनं घासायचा. मग दात चकचकीत करायच्या पुडीनं आणि दात चकचकीत करायच्याच मशीननं खिळा इतका गुळगुळीत करायचा की त्यात आपला चेहरा दिसावा. मग ग्रॅफाइट. कुलपात घालतात ती काळी पूड. बारीक ब्रशनं चाकाच्या भोकात भरायची, चाक फिरवायचं, पुन्हा भरायची, पुन्हा फिरवायचं. याला ते 'मुरवणं' म्हणत. "लोणचं मुरते तसं ग्रॅफाइट मुरते, भाऊ. घाई केली तर कच्चं राहते." मग गाडी कानाशी न्यायची, डोळे मिटायचे, आणि ऐकायचं. किंचित जरी खरखर आली तरी खिळा बाहेर.

एकदा माझी दाढ दुखत होती म्हणून खाली गेलो. त्यांनी इंजेक्शन दिलं, तोंडात कापूस कोंबला आणि म्हणाले, "बधिर व्हाले वेळ लागते." मी डोळे मिटून पडलो. मशीन सुरू झाल्याचा आवाज आला. मी खुर्चीचे हात घट्ट धरले. पण तोंडात काहीच येईना. डोळे उघडले तर डॉक्टर पाठमोरे उभे, आणि त्यांच्या मशीनखाली खिळा. मी तोंडातल्या कापसातून काहीतरी म्हणालो. ते वळून म्हणाले, "माफी मागू नका. झालंच."

त्यांची बोटं नेहमी काळी असत. काकू पाहुण्यांसमोर म्हणत, "पाहा, हे दाताचे डॉक्टर. बोटं पाहून वाटते कोळसा विकतात." काकू काटोलकडच्या शेतकरी घरातल्या. त्यांना या गाड्यांचा राग नव्हता, पण मानही नव्हता. शर्यतीला त्या कधी आल्या नाहीत. त्यांचं म्हणणं एवढंच, की एवढी पूड आहे तर चिमूटभर स्वयंपाकघराच्या बिजागरीत टाका. त्यावर डॉक्टर काचेची बाटली छातीशी धरून म्हणत, "दाराले? काहीही बोलतं तू. ते गाडीचं आहे वं!"

तेलाशी तर त्यांचं वैरच होतं. तेलानं लाकूड फुगतं, तेलाला धूळ चिकटते, तेल वाटेवर डाग पाडतं आणि मागून येणाऱ्याचाही घात करतं. शर्यतीचा एकच नियम त्यांनी स्वतः लिहून लावला होता: फक्त कोरडं वंगण. एका वर्षी आमच्या गल्लीतल्या वकीलसाहेबांनी चाकात खोबरेल तेलाचा थेंब सोडला. डॉक्टरांनी गाडी उचलली, हुंगली आणि भर सभागृहात म्हणाले, "वकीलसाहेब, हिच्या केसाले तेल काहून लावलं? हिचं काय लग्न आहे?" गाडी बाद. वकीलसाहेब बरेच दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत, आणि दात दुखला तर धंतोलीत दुसऱ्या डॉक्टरकडे गेले.

एवढं सगळं करून डॉक्टर स्वतः कधी जिंकले नाहीत. एक तर त्यांना दर वर्षी काही नवं सुचायचं. एकदा त्यांनी गाडीला दाढेचा आकार दिला. ती दिसायला फार सुंदर होती आणि उतारावरून येताना फार विचार करत आली. दुसरं म्हणजे शर्यतीच्या आधी ते टेबल मांडून बसत आणि ज्याची चाकं खरखरतात त्याला ग्रॅफाइट लावून देत. रांग लागायची. ज्यांच्याशी शर्यत, त्यांचीच चाकं हे फिरवून कानाला लावणार. मी एकदा म्हणालो, "डॉक्टर, अशानं तुम्ही जिंकणार कसे?" ते म्हणाले, "खरखर ऐकू आली की मले बसवत नाही. कोणाच्या का गाडीची असंना."

मग तो उन्हाळा आला. त्यांच्या उजव्या हाताला कंप सुटला. त्यांनी स्वतःच दवाखाना बंद केला. कुणी सांगायच्या आधी. खुर्ची तिथंच राहिली, आणि आता ते रोग्याच्या जागी तीत बसून गाडीचं काम करू लागले, कोपर खुर्चीच्या हाताला टेकवून. आखाडी गेली, श्रावण लागला. या वर्षी काही नवं नव्हतं. साधी, पाचरीसारखी निमुळती गाडी. ब्रश धरलेला हात थरथरे, पूड मांडीवर सांडे. ते थांबत, हात शांत व्हायची वाट पाहत, आणि पुन्हा लागत.

एव्हाना मलाही शर्यतीचा नाद लागला होता; मी शेजारी माझी गाडी घासत बसायचो. एका संध्याकाळी ते म्हणाले, "भाऊ, पुढच्या वर्षी हे माझ्या हातून होत नाही. मले ठाऊक आहे. यंदा मले जिंकाचं आहे."

जिंकायचंय, हे मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकत होतो. गच्चीवर फळ्या टेकवून आम्ही दोघांच्या गाड्या सोडून पाहिल्या. माझी गाडी उतार संपवते न संपवते तोच त्यांची शेवटी ठेवलेल्या उशीवर जाऊन आपटली. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. यंदाचा पितळी नंदी त्यांचाच होता. त्यांनी शेवटचं ग्रॅफाइट मुरवलं, गाडी दवाखान्याच्या टेबलावर ठेवली आणि वर पांढरा रुमाल टाकला. आता शर्यतीपर्यंत कुणी हात लावायचा नाही.

त्याच दिवसांत काकूंचंही काही बिनसलं होतं. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदशेकणी असते. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्यांना पळसाच्या पानानं हळद आणि तूप लावून शेकतात. काकू लग्न होऊन आल्यापासून दर वर्षी त्यासाठी एसटीनं माहेरी जात. घरच्या लेकीचा मान होता तो. त्या वर्षी भावानं जोडी विकून ट्रॅक्टर घेतला. फोनवर तो म्हणाला, ये तरी, ट्रॅक्टरची पूजा करू. काकू म्हणाल्या, "ट्रॅक्टरले खांदा कुठं असते, ते सांग मले." आणि फोन ठेवला.

तान्ह्या पोळ्याच्या सकाळी डॉक्टरांनी जिन्यातून हाक मारली. "भाऊ, जरा खाली या."

ते टेबलापाशी उभे होते. त्यांनी रुमाल उचलला. गाडी पिवळीधमक झाली होती. चारही चाकांशी, जिथं आस आत शिरतो नेमकं तिथं, हळद आणि तूप चोळून चोळून लावलं होतं. डोक्यावर कुंकवाचं बोट आणि दोन अक्षता. ग्रॅफाइट तुपात कालवून त्याचा काळपट लगदा झाला होता. डॉक्टरांनी चाकाला टिचकी मारली. चाक अर्धं फिरलं आणि थांबलं. कानाशी न्यायची गरजच नव्हती.

स्वयंपाकघराचं दार कुरकुरलं. "पाह्यलं का?" काकू आतूनच म्हणाल्या. आवाज असा की जणू सणाचं पहिलं पक्वान्न जमलंय. "परवा संध्याकाळी तुमच्या बैलाची खांद शेकून दिली. आता कसा पळते पाहा!"

डॉक्टर म्हणाले, "हाव. आता पळते."

मी हळूच म्हणालो, "स्पिरिट आहे ना? वेळ आहे अजून. खिळे काढू, पुसू, नवी पूड भरू."

त्यांनी स्पिरिटची छोटी बाटली आणि कापूस सदऱ्याच्या खिशात टाकला. एवढ्यात काकू बाहेर आल्या. ठेवणीतलं पातळ, केसांत शेवंती. "चला. यंदा मीही येते. माहा बैल आहे." त्यांनी गाडी तळहातावर घेतली आणि आमच्या पुढे चालू लागल्या. समाजभवनापर्यंत त्यांनी ती कुणाच्या हाती दिली नाही. वाटेत भेटेल त्याला दाखवत होत्या.

तपासणीच्या टेबलाशी त्यांनी ती डॉक्टरांच्या हवाली केली आणि पहिल्या रांगेत जाऊन बसल्या. तपासायला नेमके वकीलसाहेब. त्यांनी गाडी उलटी केली, चष्मा खाली ओढला, आसाला बोट लावून हुंगलं.

"डॉक्टर," ते अगदी हळू आवाजात म्हणाले, "हे तूप आहे."

"हाव."

"घरचं?"

"घरचं."

वकीलसाहेबांनी मान वर करून पाहिलं. काकूंनी पहिल्या रांगेतून त्यांना हात केला. वकीलसाहेबांचा चेहरा बदलला. "तुमाले वेळ देतो. मागं जा अन् पुसून या. नंबर शेवटी लावतो तुमचा."

डॉक्टरांचा हात खिशात गेला. मला बाटलीचं झाकण दिसत होतं. मी मनात म्हणत होतो, काढा, डॉक्टर, काढा. पण काकू गाडीवरून नजर हलवत नव्हत्या. ती पिवळी गेली आणि पांढरी परत आली असती तर ते त्यांना सगळ्यांच्या आधी दिसलं असतं. डॉक्टरांचा हात खिशातच राहिला. मग रिकामाच बाहेर आला, आणि त्या हातानं त्यांनी उगाच चष्मा सारखा केला.

"राहू द्या," ते म्हणाले.

"नियम तुमचाच आहे. फक्त कोरडं वंगण."

"मग बाद करा."

वकीलसाहेबांनी पुन्हा एकदा पहिल्या रांगेकडे पाहिलं. मग गाडी सरळ करून डॉक्टरांच्या हातात ठेवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "हळद आहे. हळद कोरडीच असते. चला, पुढं!"

चिठ्ठ्यांत डॉक्टरांच्या वाट्याला पहिल्याच फेरीत मी आलो. माझ्या गाडीची चाकंही त्यांनीच मुरवलेली होती. गाड्या अडवून धरणारी फळी उचलली गेली. माझी गाडी गेली. त्यांची गाडी उतार कशीबशी उतरली, सपाटीवर आली, आणि दमत दमत वाटेच्या मध्यावर उभी राहिली.

काकू उठून उभ्या राहिल्या. "चाल रे, राजा! चाल!"

सगळे हसले, टाळ्या पिटल्या. सगळ्यांत मोठ्यानं टाळ्या डॉक्टर वाजवत होते. काकू वाटेपाशी गेल्या, गाडी उचलली, तिच्या पाठीवरून हात फिरवला. "दमला," त्या म्हणाल्या, आणि तिला पदराखाली घेऊन जागेवर येऊन बसल्या.

त्या वर्षीचा नंदी मी जिंकलो.

घरी येताना काकू पुढे होत्या. डॉक्टर माझा दंड धरून म्हणाले, "भाऊ, तुमाले सांगाची बिमारी आहे. मले माहीत आहे. पण हे सांगाचं नाही. तिले सांगितलं मी, वजनाचा घोळ झाला म्हणून."

मी कबूल झालो. ज्याला कसलीही गोष्ट पोटात ठेवता येत नाही, त्याच्याकडे त्यांनी ही ठेवायला दिली. वर माझ्या कपाटावर तो पितळी नंदी बसलेला, आणि खाली त्या दोघांचा रोजचा चहा. मी जिन्यात काकूंना भेटलो की घाईनं हवामानाबद्दल बोलू लागायचो.

पुढच्या वर्षी डॉक्टरांना ब्रश धरवेना. एके दिवशी मी खाली गेलो तर ते खुर्चीत आणि शेजारी स्टुलावर काकू. काकूंच्या हातात ब्रश. "द्या म्हटलं इकडं, किती सांडता," त्या म्हणाल्या. डॉक्टर चाकाला कान लावून सूचना करत होते, "हळू वं, हळू. घासून नाही राहिली तू, मुरवून राहिली." काकूंची बोटं काळी झाली होती. गाडीवर त्या वर्षी फक्त पाठीवर हळदीचं एक कोरडं बोट होतं. मी ते पाहिलं, पण त्याचा विचार केला नाही. त्या दोघांचा दुसरा नंबर आला. पहिला वकीलसाहेबांचा. डॉक्टरांना ते शेवटपर्यंत पचलं नाही.

गेल्या हिवाळ्यात डॉक्टर गेले.

त्यानंतर मला राहवेना. आता कुणासाठी लपवायचं? पोळा जवळ आला तसा एका संध्याकाळी तो नंदी घेऊन मी खाली उतरलो. काकू दवाखान्यातच होत्या, डॉक्टरांच्या खुर्चीत.

"काकू, मला एक सांगायचं आहे. हा नंदी खरं तर—"

"तुपाचं ना?"

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तुमीच."

"मी? मी तर एक शब्द—"

"गाडी थांबली तवा सारे गाडीकडं पाहून राहिले होते. तुमी एकटे माह्याकडं. असं तोंड करून, जसं माह्या घरचं कोणी गेलं. तवाच मी गाडी उचलली. चाक फिरवून पाह्यलं. शेतकऱ्याची पोर आहे, भाऊ. चाक काहून अडते, एवढं समजते मले."

"मग डॉक्टरांना कधी म्हणाला नाहीत?"

"काय म्हणू? तो माणूस माह्यासाठी हारला, अन् मी म्हणू, मले समजलं? मग त्यायचं काय राह्यलं? दुसऱ्या वर्षी कोरडी हळद लावली. त्यायनं पाह्यलं. तेही काही नाही बोलले."

मी सॉरी म्हणालो.

"झालं याचं सुरू," काकू म्हणाल्या. "ठेवा तो बैल वरच. जिंकले तुमी. आता हे पाहा."

त्यांनी टेबलावरचा पांढरा रुमाल उचलला. खाली एक गाडी होती, साधी, निमुळती. काकूंनी ती उलटी केली, काळ्या बोटानं टिचकी मारली आणि चाक माझ्या कानाशी धरलं. मी डोळे मिटले. चाक फिरत होतं, हे फक्त कानाला लागणाऱ्या बारीक वाऱ्यावरून कळत होतं.

"येते काही ऐकू?"

"काहीच नाही."

"मग यंदा सांभाळा तुमी."

मी निघालो. दवाखान्याचं दार नेहमीसारखं कण्हलं. टेबलावर ग्रॅफाइटची बाटली उघडीच होती. मी म्हणालो, "काकू, चिमूटभर या बिजागरीत टाकून देऊ का?"

काकूंनी झपकन बाटलीवर हात ठेवला.

"दाराले? काहीही बोलता, भाऊ. ते गाडीचं आहे!"